करवलीने थांबवलेली वरात

मखमलाबाद, नाशिक
६ एप्रिल २०२५

ती. समाधानदादास,
साक्षीचा नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर तू "हो गं, हो गं" म्हणून विसरला असतास, म्हणून लिहून पाठवते आहे. वरातीच्या गाडीचं नक्की झालं. सावळीराम सरांनी स्वतःहून किल्ली देऊ केली. सर म्हणजे माझे सातवीचे गणिताचे सर. मी इंजिनिअर व्हावं हे आमच्या घरात कुणाच्या मनातही नव्हतं, तेव्हा ते ओट्यावर बसून तात्यांशी तासभर बोलले होते. आता निवृत्त होऊन इंदिरानगरला असतात. "आतेभावाच्या लग्नात करवली होणार आहेस, तर आपली गाडी ने," म्हणाले. गाडी पांढरी आहे, मोठी आहे, फुलं उठून दिसतील. फुलं अर्थात आमच्या मळ्यातली. तात्यांनी झेंडूचे दोन वाफे तुझ्या नावाने राखून ठेवलेत, आईला पूजेलासुद्धा तोडू देत नाहीत.

पण दादा, गाडी ऑटोमॅटिक आहे. सरांचा डावा गुडघा गेल्यापासून त्यांना क्लच दाबता येत नाही. ती गाडी म्हणजे त्यांचे पाय आहेत, काकूंना दवाखान्यात न्यायचं तर तीच. आणि वरातीत ती डीजेच्या मागे इंच इंच सरकणार. अशा चालीत गिअरबॉक्समधलं तेल तापतं. धावत्या गाडीला वारा तरी लागतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा समोर दिसतो, गिअरबॉक्सचा दिसत नाही. काही नव्या गाड्यांत समोरच्या पडद्यावर शोधला की सापडतो, सरांच्या गाडीत तोही नाही. फार तापलं की एकदम लाल अक्षरांत सूचना येते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून मी सोय केली आहे. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीला आम्ही वर्कशॉपमध्ये तिथेच कॉम्प्युटर जोडतो. त्यात काडेपेटीएवढं यंत्र बसवलं की तेलाचा आकडा फोनवर येतो. मात्र साधं अ‍ॅप इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवतं, आणि माणूस त्यालाच गिअरबॉक्सचं समजून निर्धास्त राहतो. त्या त्या कंपनीच्या गाडीसाठी वेगळी नोंद निवडावी लागते. ती मी निवडली आणि आमच्या मोठ्या स्कॅनरशी ताडून पाहिली, बरोबर जुळते. लांबून तापमान मोजायची बंदूकही वापरून पाहिली, पण ती फक्त बाहेरच्या कवचाचं सांगते.

तू एवढंच लक्षात ठेव. पंचाण्णवपर्यंत काळजी नाही. एकशे दहाला सावध व्हायचं. एकशे वीसला थांबायचं, गाडी पार्कमध्ये टाकायची, पण इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरत राहून निवतं. मी हे तात्यांना सांगितलं तर त्यांनी दोनदा समजावून घेतलं. मग आईला म्हणाले, "म्हणजे आपली विहिरीवरची मोटर जळती तसंच हाय."

मी पुढच्या सीटवर बसेन. हातात करवलीचा दिवा आणि मांडीवर फोन. गाडी तुझा भिकन चालवणार, त्याला नीट सांगून ठेव.

तुझी लहान बहीण,
साक्षी


सटाणा
१३ एप्रिल २०२५

विंजनेरबाई साक्षी यांना समाधान नवरदेवाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणे, "माझ्या भावाची पोर लग्नाला येतीये का बॉयलर तपासायला?" मग हसली, आणि शेजारी जाऊन सांगून आली की माझी भाची आकडा बघून गाडी चालवायला लावणार.

भिकनला सांगितलंय. तो म्हणतो, क्लच नाही तर डावा पाय ठेवू कुठं, डोक्यावर? काळजी करू नको, रोज पिकअप हाणतो तो.

एकच गोष्ट तू पण लक्षात ठेव. आमच्या घरात नवरदेव मारुतीच्या पाया पडून गाडीत बसला की मांडवाच्या दारापर्यंत त्याचा पाय जमिनीला लागू देत नाहीत. आईचा यावर लय जीव हाय. तेव्हा थांबायचं-बिंबायचं काही काढू नकोस. त्यात लग्न नामपूरला, मनीषाच्या गावात. तिच्याकडची मंडळी मनानं चांगली, पण टोमण्यात कुणाला ऐकत नाहीत. तिचा फकिरामामा तर माणूस दिसला की आधी टोमणा मारतो, मग पाणी विचारतो.

तात्यांना सांग, फुलं कमी पडली तर चालतील पण ते स्वतः आले पाहिजेत.

समाधान


मखमलाबाद
११ मे २०२५

ती. समाधानदादास,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. आत्याही फोन उचलत नाही. म्हणून पत्र. खरं सांगायचं तर तू फोन उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं.

तू गाडीतच होतास, पण मागे होतास, डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या. पुढे काय झालं ते तुला नीट दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

मारुतीपासून निघालो तेव्हा आकडा चौऱ्याऐंशी होता. कांदा मार्केटच्या वळणावर डीजे थांबला, पोरं रस्त्यात नाचू लागली, आणि भिकनने गाडी नाचवायला घेतली. एक पाय ब्रेकवर, एक अ‍ॅक्सिलरेटरवर, ठेक्याला गाडी पुढे उसळायची आणि जागच्या जागी थबकायची. लोक शिट्ट्या मारत होते. ऑटोमॅटिक गाडीत तो सगळा जोर आतल्या तेलात घुसळला जातो. आकडा उड्या मारत वर गेला. एकशे आठला मी म्हटलं, "भिकनभाऊ, बस करा आता." त्याने आरशात पाहिलं आणि पुन्हा पाय दाबला. एकशे पंधराला म्हटलं, "भिकनभाऊ, सरांची गाडी आहे हो." त्याने परत आरशात पाहिलं आणि हसला. एकशे तेवीसला लाल अक्षरं आली, जळकट वास सुटला. तेव्हा मी दिवा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने लिव्हर न्यूट्रलवर टाकला.

पुढचं तुला माहीत आहे. फकिरामामा आले, खिडकीत वाकून म्हणाले, "काय व्हयनं?" मी सांगितलं, गिअरबॉक्स तापलाय, वीस मिनिटं थांबावं लागेल. त्यांनी मागे वळून हाळी दिली, "आरे, ही गाडी नही, कुकर शे! थांबा, शिट्टी व्हऊ द्या!" सगळा रस्ता हसला. मुहूर्त टळायला नको म्हणून तुला उचलून, पाय जमिनीला न लावता, मार्केटमधून निघालेल्या कांद्याच्या पिकअपवर चढवलं. मांडवाच्या दारात तू उतरलास तेव्हा तुझ्या शेरवानीला टरफलं चिकटली होती आणि कुणीतरी ओरडलं, "आज काय भाव निघाला?"

ते सगळं मी सोसलं असतं. पण तू बोहल्यावर चढल्यावर फकिरामामांनी मांडवाच्या दारात तात्यांना गाठलं. म्हणाले, "पाव्हणं, पोर शिकेल-सवरेल शे ना तुमची?" तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकले. "पोरीचं चुकलं," म्हणाले. "आमची शिकवण कमी पडली."

मी तिथेच उभी होते, दिवा हातात धरून. दादा, तो दिवा कुठे ठेवावा हेसुद्धा मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर तापमानाचा आलेख टाकला आणि खाली चार परिच्छेद लिहिले. चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं. पण तुमच्याकडे नवी नवरी आलेली, पूजा मांडलेली, आणि मी लिहीत होते की तेलाचे गुणधर्म एकशे वीस अंशांच्या पुढे कसे बिघडतात. आत्या ग्रुपमधून बाहेर पडली ते बरोबरच केलं. त्या मेसेजची मला फार लाज वाटते. तो पुसायला गेले तर पुसायची मुदत संपलेली होती.

सरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तेल बदललं, वर्कशॉपमध्ये तपासणी झाली, गाडी ठीक आहे. सर गाडीचं दार उघडून आत बसले, "अजून वास येतोय," एवढं म्हणाले आणि घरात निघून गेले. मला चहा विचारला नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

रागाव, पण काहीतरी लिही.

साक्षी


सटाणा
१९ मे २०२५

साक्षी,

पत्र मिळालं. झालं गेलं, आता त्याला काय करायचं. भिकनला गाडीचं कळत नाही, तुला माणसांचं कळत नाही. लग्नात गाडी जरा तापली तर तापली, लोकांच्या गाड्या तापत नाहीत का? पण आईनं एवढी वर्षं जपलेली रीत, तिचा पोरगा कांद्याच्या गाडीतनं मांडवात गेला. रस्त्यानं चालताना अजून लोक मला भाव विचारतात.

मामांचं, तुझ्या तात्यांचं, मला वाईट वाटलं. पण त्यांना कुणी वाका म्हणून सांगितलं नव्हतं.

मनीषा बरी आहे.

समाधान


मखमलाबाद
२८ मे २०२५

ती. समाधानदादास,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना कुणी वाका म्हणून सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. ते माझ्यामुळे वाकले.

घरात काय चाललंय ते तुला कळावं म्हणून लिहिते. तात्या माझ्याशी बोलत नाहीत. रागाने ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी कामावरून यायच्या आधी ते जेवून घेतात आणि मळ्यात जातात. सकाळी मी उठते तेव्हा ते फुलं घेऊन मार्केटला गेलेले असतात. समोरासमोर आलोच तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात. परवा आमच्याकडे हार विकत घ्यायला चिमणाबाई आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "पोरगी काय करते आता?" तात्या म्हणाले, "जाते कामाला." आणि सुतळी गुंडाळत बसले. दादा, मी निकालाचा कागद घेऊन आले होते तेव्हा या माणसाने मळ्यातल्या मजुरांना, रिक्षावाल्याला, दवाखान्यातल्या नर्सला तो दाखवला होता. आता माझं नाव घ्यायलाही त्यांना जड जातंय.

आईला विचारलं तर म्हणते, "राहू दे काही दिवस. बापमाणूस हाय."

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. तू नामपूरला जा आणि तुझ्या सासरी, फकिरामामांच्या समोर, सांग की गाडी नाचवल्यामुळे तापली आणि साक्षीने थांबवली नसती तर गिअरबॉक्स गेला असता. सांग की तुझ्या मामांनी, तात्यांनी, माफी मागायचं काहीच कारण नव्हतं. मी सांगितलं तर पुन्हा चार परिच्छेद होतील. तू जावई आहेस, तुझं ऐकतील. त्यांनी एकदा फोन करून तात्यांना म्हणावं की आमची समजूत चुकीची होती. तेवढं झालं की तात्यांचा मान परत येईल, आणि ते माझ्याकडे बघतील.

हे मी हात जोडून मागते आहे. आमच्या घरात हात जोडायची सवय आहेच.

साक्षी


सटाणा
१५ जून २०२५

साक्षी,

तुझं पत्र मनीषानं वाचलं. मी कपाटावर ठेवलं होतं, तिनं पूर्ण वाचलं आणि मला विचारलं, "भिकन आरशात कुणाकडं बघत होता?"

तिला दोन दिवसांनी सांगितलं. आता तुला सांगतो. माझ्याकडं बघत होता. तू पहिल्यांदा बस म्हणालीस तेव्हा त्यानं आरशातनं विचारलं आणि मी अंगठा वर केला. दुसऱ्यांदा तू सरांचं नाव काढलंस. तेही मला ऐकू आलं होतं. मी परत अंगठा वर केला. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, साक्षी. आयुष्यात एवढी माणसं माझ्याकडं कधी बघणार होती? मग पिकअपवर उभं राहिल्यावर कुणी विचारलं गाडीला काय झालं, तर मी म्हणालो, साक्षीला विचारा. मामा वाकले ते मी बोहल्यावरनं बघितलं. अंतरपाट धरला नव्हता अजून. उतरून येता आलं असतं.

मनीषा म्हणाली, हे तुला लिहिल्याशिवाय तिच्या माहेरी जायचं नाही. म्हणून एवढं आधी लिहून ठेवलं, मग गेलो. सासऱ्यांच्या ओट्यावर सगळे बसले होते. मी उभं राहून सांगितलं. गाडी भिकननं माझ्या सांगण्यावरून नाचवली, साक्षीची काही चूक नव्हती, आणि माझ्या मामांनी उगाच माफी मागितली. फकिरामामा ऐकत होते. मग एवढे हसले की पानाचा रस सदऱ्यावर सांडला. म्हणाले, "आरे जवाई, आमना गावमा आजून कोनी नवरदेव कांदास्ना पिकअपमा उना नही. तू पहिला!" मी म्हणालो, मामांच्या माफीचं काय? तर विचारात पडले. "कोणते मामा? टोपीवाले? त्यांनी माफी मागितली होती?"

साक्षी, त्यांना आठवत नाही. खोटं नाही बोलत ते. दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी त्या दिवशी काहीतरी म्हटलं होतं. मामांना म्हटलेलं त्यातलंच एक. तू मागितलेला फोन ते लगेच करायला निघाले होते, मीच थांबवलं. ज्याला आठवतच नाही तो काय परत देणार?

आता दुसरं. हे तुला सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं. ते मोडतो.

मामा इथं येऊन गेले. तुझं मेचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. फुलं विकून तसेच एसटीत बसले होते, टोपली हातातच. मला वाटलं, रागवायला आले. तर म्हणाले, "समाधान, पोरीला फोन कर. तिचं कुठं मन लागत नाय." मी म्हणालो, मामा, तुम्हीच बोला ना तिच्याशी, एका घरात राहता. तर टोपली खाली ठेवली. मग म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतंय. म्हणाले, "मला ठाव होतं पोर बरोबर हाय. तिनं मला दोनदा समजावलं होतं. मी गाडीच्या मागंच चालत होतो, वास मला पण आला. तरी वाकलो. चार माणसं मोठ्यानं बोलली की माझं अंग आपोआप वाकतं, आजवर असंच निभलं. पण तिच्या देखत वाकलो रे. आमची शिकवण कमी पडली म्हणालो. आता तिच्याम्होरं बसून भाकर कशी खाऊ?"

ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. तुझ्याकडं बघायची त्यांना लाज वाटतीये.

हे ऐकूनसुद्धा मी तुला ते एकोणीस तारखेचं पत्र लिहिलं. मामा उठून गेले त्याच संध्याकाळी. त्याला मी काय म्हणू ते मला कळत नाही. तुझा नंबर चालू केलाय, पण तू लगेच फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही.

समाधान


मखमलाबाद
१९ जून २०२५

ती. समाधानदादास,

पत्र आज संध्याकाळी मिळालं. फाटकात उभी राहूनच वाचलं.

तुझ्यावर रागवायला हवं होतं. अंगठ्याचं वाचलं तेव्हा रागावलेही. पण त्याच्या पुढचं वाचल्यावर राग कुठे गेला ते कळलं नाही. मनीषावहिनीला माझा नमस्कार सांग. तिला मी अजून नीट भेटलेलीही नाही.

दादा, मी काय केलं बघ. यंत्राच्या आत काय तापलंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून मी चार पद्धती शोधल्या, चुकीचा आकडा कुठला आणि बरोबर कुठला हे ताडून पाहिलं. आणि घरात एक माणूस माझ्यासमोरून उठून जातो तेव्हा मी ताडूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना माझी लाज वाटते, असं पहिल्या दिवशी ठरवलं आणि तेच खरं धरून चालले. त्यांना एकदाही विचारलं नाही. उलट मीही त्यांच्यासमोर जेवायला बसायचं टाळत होते, कारण मला त्यांचं ते वाकणं डोळ्यांपुढे यायचं आणि मनात, कसं लिहू, थोडा तिरस्कार यायचा. मला त्यांची लाज वाटत होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्यांना ते नक्कीच दिसलं असणार. ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे चेहरे ओळखून वागण्यात गेलं, त्याला पोरीचा चेहरा वाचता येणार नाही का?

तेव्हा नामपूरच्या फोनचं राहू दे. तात्यांचा मान तिकडच्या मंडळींच्या हातात नव्हताच. तो या घरात हरवला होता, आणि मी तो सटाण्याच्या पत्त्यावर शोधत बसले.

मघाशी मी घरात शिरले तेव्हा तात्या ओसरीवर सुतळी कापत बसले होते. मला बघून नेहमीसारखे उठले, बॅटरी घेतली आणि मळ्याकडे निघाले. नेहमी मी आत निघून जाते. आज आईला म्हटलं, दोघांची भाकरी फडक्यात बांधून दे. आईने दोन भाकऱ्या जास्त घातल्या.

ते बांधावर बसलेले मला इथून दिसतायत. तिथे जाऊन काय बोलायचं ते मला माहीत नाही. आलेख नाही, परिच्छेद नाहीत. कदाचित ते पुन्हा उठून पुढच्या बांधावर जातील. गेले तर मी तिथे जाईन.

एवढे दिवस तुला लिहीत राहिले, कारण तुला लिहिणं सोपं होतं. आता थांबते. भाकरी गार व्हायच्या आत पोचायला हवं.

साक्षी